चौथ्या चौकोनावरचं तीर्थ

पापाकुरा, ऑकलंड
५ जुलै २००६

सुले,

आधी चष्मा पूस. माझं अक्षर तुला ठाऊक आहे, तिसरीत शाळा सुटली तेव्हा जसं होतं तसंच आहे. तुझ्या कानांमुळे फोनवर काही होत नाही. तू 'काय?' म्हणतेस, मी 'अगं' म्हणते, तेवढ्यात रवींद्रचं फोनकार्ड संपतं. पत्रच बरं.

इथे जुलैत थंडी आहे, काय सांगू! मी स्वेटरवर स्वेटर चढवून कोबीसारखी बसते आणि सिद्धी अनवाणी नाहीतर जँडल्स घालून फिरते. जँडल्स म्हणजे आपल्या रबरी सपाता. नातीला माझं मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत देते. मी विचारते, "जेवलीस का?" ती म्हणते, "यप." एवढ्याशा शब्दात पोळी, भाजी, वरण, सगळं आलं. पण गोड आहे गं. शाळेतून आली की आधी माझ्या पांघरुणात पाय घालते, बर्फासारखे. मला इतका आनंद होतो की मी ओरडायचं सोडून हसते.

सूनबाईची, विभावरीची बातमी म्हणजे तिला अखेर तिच्या शिक्षणाचं काम मिळालं. तीन वर्षं बिचारी डेअरीत उभी होती. डेअरी म्हणजे दुधाची नव्हे, इथे कोपऱ्यावरच्या दुकानाला तसं म्हणतात. पुण्यात रसायनात पहिली आलेली पोरगी पाव आणि वर्तमानपत्रं विकत होती. आता माउंट वेलिंग्टनला एका कंपनीत आहे. पण सहा महिन्यांच्याच करारावर, सप्टेंबरअखेर संपतो. हातातलं काम साधलं तर कायम करतील, नाहीतर पुन्हा डेअरी.

काम काय, तर कुरडयांचा चीक! हसू नकोस. गहू भिजवून, वाटून, गाळून तळाला पांढरा चीक बसतो ना, तसाच हे लोक बटाट्यातून आणि मक्यातून काढतात. त्याची ताटली-तबकडी करायची, फळं नि मांस भरून विकायला, प्लास्टिकच्या ऐवजी. वापरून मातीत टाकली की कुजून जावी. पण नुसत्या चिकाची तबकडी ओली झाली की लगदा होतो. म्हणून त्या पिठाला औषध पाजतात, व्हिनेगरच्या कुळातलं, पण नाकाला झोंबणारं. त्याने पिठाचा स्वभावच बदलतो, पाणी धरायचं सोडतं. मात्र औषध फार झालं तर ते मातीतही कुजत नाही. मग प्लास्टिकने काय घोडं मारलं होतं? तर किती पाजायचं, हेच विभावरीचं काम.

रविवारी तिने मागच्या अंगणात दोरी लावून चार चौकोन आखले आणि जाळीच्या पिशव्यांत तुकडे घालून वीतभर खोल पुरले. एक नंबर बिनऔषधाचा, चार नंबर सगळ्यात जास्त औषधाचा. दोन महिन्यांनी उकरायचे. रवींद्रला आणि सिद्धीला इंग्रजीत बरंच काही बजावलं. मला म्हणाली, "आई, तिथे कुणाचा पाय पडू देऊ नका."

तुझ्यामाझ्यात ठेव, पण हिला पिठाला औषध लावता येतं, आमटीला मीठ लावता येत नाही. कालचं वरण म्हणजे पिवळं पाणी. रवींद्र मुकाट भुरकतो. बायकोला घाबरतो, दुसरं काय.

एक विचारायचं राहिलं. श्रावण येतोय. महादेवाची पिंडी मी बॅगेत साडीत गुंडाळून आणली आहे. सोमवारी अभिषेक करीन, पण तीर्थ आणि निर्माल्य टाकू कुठे? मागच्या ओढ्यात टाकायचं नाही असं रवींद्र म्हणतो, इथे चालत नाही. कचऱ्याच्या डब्यात मी टाकणार नाही. आणि जिथे खरकटी भांडी धुतात त्या सिंकमध्ये देवाचं पाणी? लवकर कळव.

तुझी
वनिताक्का


कराड
१८ जुलै २००६

अक्का,

पत्र पोचलं, सुनेची निंदा पण पोचली. तिला नोकरी लागली म्हणून आनंद झाला असं एका ओळीत लिहून तू थांबली असतीस तर काही बिघडलं असतं का? तुझ्या पहिल्या आमटीला तुझे सासरे काय म्हणाले होते, ते मी अजून विसरले नाहीये.

माझ्या कानांचं तसंच आहे. काल शेजारच्या सुचित्राने पेपर विचारला तर मी तिला पापड दिले. ती घेऊन गेली.

निर्माल्याचं एवढं काय अवघड? आमच्याकडे कृष्णामाई आहे. तुझ्याकडे नाही, तर मातीत घाल. झाडाच्या बुंध्याशी, जिथे कुणाचा पाय पडत नाही अशा जागी. आई हेच करायची. आठवतंय ना, तुळशीमागचा कोपरा? आणि अभिषेकाला कंजुषी करू नकोस. तिकडे दूध मुबलक आहे म्हणे.

सुलभा


पापाकुरा
२२ ऑगस्ट २००६

सुले,

चारही सोमवार पार पडले! तुझं पत्र पहिल्या सोमवारच्या दोनच दिवस आधी आलं, अगदी वेळेवर.

आणि जागा सापडली, ती अशी की तूही वा म्हणशील. विभावरीचे ते चौकोन. घरातलं कुणीही तिथे पाय टाकत नाही, ती स्वतःसुद्धा नाही. त्यातल्या तीन चौकोनांवरून शेजारचं मांजर खुशाल जातं. पण चार नंबरचा आहे कुंपणाशी, लिंबाच्या झाडामागे, तिथे मांजराचाही पाय पडत नाही. माझ्या मनात आलं, यापेक्षा पवित्र जागा या देशात कुठे मिळायची?

कंजुषी केली नाही. पहिल्या सोमवारी पाऊण लिटर दूध, वाटीभर दही, दोन चमचे मध, मूठभर साखर, तूप एक चमचा. दुसऱ्या सोमवारी दही अर्धीच वाटी, कारण रवींद्रने रात्री कढी केली होती. तिसऱ्याला पुरतं लिटरभर दूध आणि वाटीभर दही. चौथ्याला, शेवटचा म्हणून, दोन वाट्या दही आणि उरलेला सगळा मध. बेल नाही इथे, म्हणून दारातल्या कॅमेलियाची फुलं वाहिली. थंडीत फुलतं हे झाड, गुलाबासारखं, वास मात्र शून्य. सगळं तांब्यात घेऊन सिद्धीबरोबर जायची, शाळेच्या आधी. ती मधाची वाटी धरायची आणि तीर्थ ओतलं की म्हणायची, "स्वीट अ‍ॅज!" म्हणजे छान झालं. मीपण म्हणू लागले. महादेवाला चालत असेल.

विभावरीला सांगितलं नाही. ती अंधारात जाते, अंधारात येते. आणि मागे निरांजनातलं तेल मी सिंकमध्ये ओतलं तेव्हा तिने काही न बोलता तास-दीड तास नळी साफ केली होती. न बोलण्याचीच भीती वाटते गं तिच्या. म्हटलं, देवाचं आपलं आपण करावं.

एक चुकलं माझं. "दूध इतक्यात कसं संपतं?" असं ती म्हणाली, तर मी म्हणाले, "सिद्धी पिते हल्ली." पोरीवर ढकललं. सिद्धी तिथेच उभी होती. माझ्याकडे बघितलं तिने. तेव्हापासून जरा मनाला टोचतंय. रविवारी गणपती, तोवर विसरेन.

तुझी
अक्का


पापाकुरा
६ सप्टेंबर २००६

सुलू,

आज सुले म्हणवत नाही.

शनिवारी विभावरीने चौकोन उकरले. आम्ही सगळे भोवती उभे. एक नंबर, बिनऔषधाचा, निम्म्याहून जास्त कुजलेला. दोन नंबर कडांनी गेलेला. तीन नंबर जवळजवळ जसाच्या तसा. ती मान हलवत होती, म्हणाली, "हेच होणार होतं, माती थंड आहे, आणि औषध जास्त." मग चौथी पिशवी वर काढली. जाळी रिकामी! आत बोटभर चिखल. ती गुडघ्यांवर तशीच बसली, जाळी उजेडात धरून. "आई, चार नंबर गेला! सगळ्यात पक्का होता तो! थंडीत गेला!" आणि उठून मला मिठी मारली, मातीच्या हातांनी. सून होऊन आल्यापासून पहिल्यांदा. माझ्या पदराला अजून डाग आहे.

आणि सुलू, मीपण आनंदाने ओरडले. पाहिल्या पाहिल्या माझं मन उड्या मारायला लागलं, पोरीचं काम झालं, कायम होणार! मग तिने विचारलं, अगदी सहज, वहीत लिहायचं म्हणून, "आई, या चौकोनांवर कुणी पाणी किंवा काही टाकलं नव्हतं ना? मी सगळ्यांना सांगितलं होतं." मला सांगितलं नव्हतं. मला पायाचं सांगितलं होतं. हे तेव्हा म्हणता आलं असतं.

मी म्हणाले, "नाही गं."

सिद्धी माझा पदर धरून उभी होती. तिने पदर सोडला.

तेव्हापासून मला अन्न जात नाही. मला शास्त्र कळत नाही, पण विरजण कळतं. चमचाभर दह्याने पातेलंभर दुधाचं काय होतं, ते मी साठ वर्षं बघतेय. चार सोमवारांचं दूध, दही, साखर, फुलं एकाच जागी मुरलेली. उकरताना तिथे गांडुळं होती, बाकीच्या तीन ठिकाणी एकही नव्हतं. विभावरी म्हणाली, "बघा, गांडुळांनाही आवडलं." मी बघितलं.

ती रोज रात्री रिपोर्ट लिहितेय. शुक्रवारी द्यायचा आहे. कंपनीचा ग्रॅहम म्हणून साहेब आहे, तो किवी फळांच्या बागवाल्यांशी बोलतोय, चार नंबरच्या तबकड्या त्यांना द्यायच्या म्हणून. आज सकाळी विभावरीने चहा घेताना मला एक पान वाचून दाखवलं. इंग्रजी वाचलं, मग मराठीत सांगितलं. त्यात लिहिलंय की जागेवर पावसाखेरीज काहीही पडलेलं नाही, घरी असणाऱ्या मिसेस वनिता यांनी तसं सांगितलं. "तुमचं नाव घातलंय आई, छापून येणार!" हसत होती. सुलू, माझं नाव आजवर रेशनकार्डाशिवाय कशावर छापलेलं नाही. छापलं ते या खोट्यावर.

काय करू, सांग. तुझं उत्तर यायला पंधरा-वीस दिवस जातील आणि शुक्रवार परवा आहे, हे मला कळतंय. म्हणूनच बहुतेक तुला विचारतेय.

अक्का


कराड
१८ सप्टेंबर २००६

अक्का,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, खोटं कशाला सांगू. तू आणि ते गांडूळ.

मग हसू आलं नाही. पाय पडणार नाही अशा जागी घाल असं मी लिहिलं होतं. म्हणजे निम्मं माझ्याकडे येतं. विभावरीच्या चौकोनांचं मी आधीच्या पत्रात वाचलं होतं, तरी माझ्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

मला विचारशील तर गप्प बस. रिपोर्ट गेला असेल. पोरगी कायम झाली असेल. आता बोलून कुणाचं भलं होणार? तुझ्यावरचा तिचा विश्वास उडेल, रवींद्रला मधल्यामध्ये त्रास, आणि पुढच्या वर्षी तुला तिकडे बोलावतील का? शिवाय महादेवाच्या तीर्थाने झालं असेल तर ते खोटं कसं? देवाच्या मनात होतं म्हणून तुझ्या हातून झालं. असं समज आणि जेव.

सिद्धीला काहीतरी सांगावं लागेल मात्र. ते काय, ते मला सुचलेलं नाही.

सुलभा


पापाकुरा
३० सप्टेंबर २००६

सुलू,

तुझं पत्र काल आलं. मी त्याआधीच बोलून बसले होते. बरं झालं उशिरा आलं, नाहीतर मी तुझंच ऐकलं असतं. मला तेच ऐकायचं होतं.

सतरा तारखेला, रविवारी, ग्रॅहम साहेब जेवायला आला. बायकोला घेऊन. भला मोठा माणूस, गुडघ्यापर्यंतच्या चड्डीत, हातात टोपी. मला "किआ ओरा" म्हणाला, म्हणजे इथला नमस्कार, आणि दोन्ही हातांनी हात धरला. रवींद्रने मला त्याचं बोलणं सांगितलं, "म्हणतोय, तुमच्या बागेने आमचं नशीब काढलं. बागवाल्यांना पहिल्या तबकड्या नाताळआधी देणार." मग तो जेवणाआधी टोपी घालून ती जागा बघायला बाहेर गेला, हौसेने.

मी आणि विभावरी स्वयंपाकघरात होतो. ती पुरणपोळी लाटत होती, मी भाजत होते. खिडकीतून दिसत होतं, तो चार नंबरपाशी उकिडवा बसलाय आणि बायकोला दाखवतोय. माझ्या मनात आलं, ते बागवाले तबकड्या मातीत पुरतील. आणि वाट बघत बसतील. त्यांच्या मातीत दूध-दही घालायला कोण जाणार आहे? मग ते हिला विचारतील. रिपोर्ट तिचा, सही तिची.

सिद्धी आत आली. तिने फ्रीज उघडला, दुधाची बाटली काढली आणि माझ्याकडे बघत पेलाभर दूध प्यायली. तिला दूध आवडत नाही, सुलू. माझं खोटं खरं करायला पीत होती. त्या दिवसापासून रोज पीत होती, मला कळलंच नव्हतं.

मी म्हणाले, "विभावरी, जरा थांब, इकडे बघ."

"अहो, पोळी करपेल."

"करपू दे. चार सोमवार मी तिथे तीर्थ ओतलं. चार नंबरवर. दूध, दही, मध, सगळं. तू विचारलंस तेव्हा खोटं बोलले."

ती लाटणं हातात घेऊन उभी राहिली. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "रिपोर्टच्या आधी सहा दिवस होते, आई. सहा दिवस." आणि हात न धुता बाहेर गेली.

मी खिडकीतून बघत राहिले. काय बोलली ते ऐकू आलं नाही, आलं असतं तरी कळलं नसतं. ती सरळ उभी होती, पिठाचे हात बाजूला धरून. साहेबाने आधी हसून मान हलवली, मग हसू गेलं. टोपी काढली. चिमूटभर माती उचलून नाकाशी नेली. मग दोघंही त्या चौकोनाकडे बघत राहिले. माझ्याकडे कुणीच बघितलं नाही. तिने माझ्याकडे बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं. रवींद्रने नंतर सांगितलं, ती साहेबाला म्हणाली की कुठे काय टाकायचं नाही हे घरातल्या प्रत्येकाला त्याच्या भाषेत सांगायला हवं होतं, ती चूक माझी.

रिपोर्ट परत घेतला. बागवाल्यांना कळवलं. कायम केलं नाही, करार तीन महिने वाढवलाय. आता चौकोन कंपनीच्या जागेत, कुलपाच्या आत. ग्रॅहम साहेब जेवून गेला मात्र. पोळ्या चार खाल्ल्या.

पुढे आठ दिवस घर कसं होतं ते विचारू नकोस. "आई, चहा." "आई, येते." एवढंच. तिचं वरण मी मुकाट्याने भुरकत होते, रवींद्रसारखी. त्याला मी घाबरट म्हणाले होते ना? या घरात घाबरट एकच आहे, आणि ती कोबीसारखी स्वेटर घालून बसते. सिद्धीची मी माफी मागितली. म्हटलं, तुझ्यावर दुधाचं ढकललं, आजी चुकली. ती मराठीत म्हणाली, "मला दूध नको आता." एवढं लांब मराठी वाक्य पहिल्यांदाच. मला रडू आलं नि हसूही.

मग मंगळवारी विभावरी वही घेऊन माझ्यासमोर बसली. पेनाचं टोपण काढलं. "पहिल्या सोमवारी दही किती होतं?"

मी म्हणाले, "आता कशाला?"

"चार नंबर कुजला हे खरं आहे ना? पातळ, घट्ट, आंबट, काय आणि किती पडलं ते कळलं पाहिजे. न कळता मी पुन्हा काही लिहिणार नाही. तारखेसकट सांगा. अंदाजाने नको."

मला आठवेना. दुसऱ्या सोमवारी अर्धी वाटी होतं की तिसऱ्या? मध कधी संपला? मी घाबरून पुन्हा काहीतरी ठोकून देणार होते, जीभ वळली पण होती. मग म्हणाले, "मला आठवत नाही. पण मी सुलूला सगळं लिहिलंय. ती पत्रं जपून ठेवते."

"मग ती पत्रं मागवा," ती म्हणाली. "सगळी. आधीची, नंतरची. तुम्ही काय पाहिलंत, कधी पाहिलंत, सगळं मला पाहिजे."

सगळी, सुलू. पहिल्यातलं ते पिवळ्या पाण्याचं पण. मीठ लावता येत नाही ते पण. मला सांगितलं नव्हतं, हे म्हणायला मी जीभ उचलली नाही ते पण. मला वाटलं, तुला लिहावं की फक्त बावीस ऑगस्टचं पाठव, बाकीची हरवली म्हणून सांग. दोन दिवस तेच घोकत होते. पण आता तिला अर्धं देऊन उरलेलं झाकायचं माझ्याने होणार नाही.

तर कात्री लावू नकोस. ट्रंकेतून काढ, तारखेप्रमाणे लाव, रजिस्टरने पाठव. हे पत्रही त्यातच घाल. आणि पाकिटावर नाव तिचं लिही, सौ. विभावरी म्हणून, ठळक अक्षरात. टपाल इथे सकाळी येतं आणि तेव्हा घरात मी एकटी असते. माझ्या नावाने आलं तर मी ते देव्हाऱ्यामागे ठेवीन आणि कुणी विचारलं तर नाही गं म्हणेन. मला मी ठाऊक आहे.

तुझी
अक्का